विनाकारण बसणाऱ्यांतर्फे सेक्रेटरीसाहेबांना

मा. सेक्रेटरीसाहेब,


सर्वप्रथम आपलं मनापासून अभिनंदन. गेटजवळच्या कडुलिंबाखालची चारही सिमेंटची बाकडी आपण एका रात्रीत हलवलीत. याच सोसायटीत गच्चीची गळती तीन पावसाळे 'विचाराधीन' आहे आणि ए विंगच्या लिफ्टमधला पंखा कोटेशनांची वाट पाहत लटकतोय. बाकड्यांना मात्र ना कोटेशन लागलं, ना ठराव, ना सभा. सकाळी खाली उतरले तर त्यांच्या जागी मातीवर फिकट पट्टे आणि झाडाच्या खोडाला तारेनं बांधलेली नवीकोरी पाटी : 'आवारात विनाकारण बसू नये. हुकमावरून.' कोणाच्या हुकमावरून, हे लिहायला पाटीत जागा उरली नसावी.

विचारायला ऑफिसात आले तेव्हा आपण म्हणालात, "वहिनी, लोक येतात, बसतात आणि नुसत्या चकाट्या पिटतात. प्रॉपर्टीचा लूक जातो." लुकाचं पटलं. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्‌घाटन झालं आणि तेव्हापासून सुकापुरातल्या प्रत्येक वन बीएचकेला पंख फुटले आहेत. अशा दिवसांत फ्लॅट बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला गेटातच पहिलं दर्शन गुडघ्याला तेल चोळलेल्या चार म्हाताऱ्यांचं व्हावं, हे बरं नाहीच. आता तिथे फायबरची मोठी कुंडी आहे आणि कुंडीत प्लास्टिकचा बांबू. तो खोकत नाही, पाणी मागत नाही, कोणाच्या सुनेबद्दल बोलत नाही. आदर्श सभासद.

तरीही रेकॉर्डसाठी काही गोष्टी लिहून ठेवते. आपल्याला रेकॉर्डची आवड आहे. गेटातून कोण किती वाजता आलं, कोणत्या गाडीनं आलं, कोणाचं पार्सल कोणत्या मजल्यावर गेलं, सगळं अ‍ॅपमध्ये आहे. बाकड्यांवर काय चालायचं त्याची नोंद तेवढी कुठे नाही.

दुपारी चारला बायका यायच्या. कोणी मेथी निवडायची, कोणी नातवाचा व्हिडिओ सगळ्यांना फिरून फिरून दाखवायची. सहाला पुरुष. त्यात एक बेस्टचे निवृत्त कंडक्टर, एक पोस्टातले, एक संपात गिरणी गेल्यावर वीस धंदे करून इथे टेकलेले. अंधार पडला की पोरं, आणि रात्री अकराला एकटा वॉचमन. बोलणं काय, तर "आज टँकर आला का?" टँकर आला की नाही हे प्रत्येकाला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. तरी विचारायचं. त्या निमित्तानं हजेरी लागायची. तिसऱ्या मजल्यावरचे काका लागोपाठ दोन संध्याकाळ दिसले नाहीत, तेव्हा कंडक्टरकाका वर जाऊन दार वाजवून आले होते. तापानं फणफणलेल्या माणसाला त्याच रात्री दवाखान्यात हलवलं. आपल्या आठ कॅमेऱ्यांना ते दोन दिवसांत कळलं नव्हतं, कारण कॅमेऱ्याला जे दिसतं तेच कळतं. न दिसलेलं माणूस फक्त बाकड्यावरच्यांना कळायचं.

आपल्याला सुकापूर माहीत आहेच, पण बाहेरचं कोणी हे पत्र वाचत असेल तर सांगायला हवं. नवीन पनवेल संपून माथेरान रोड लागला की हे सुरू होतं. धड गाव नाही, धड शहर नाही. मूळ गावठाणात आगरी मंडळींची घरं, देऊळ, ओटे. तिथले म्हातारे दिवसभर ओट्यावर पत्ते कुटतात आणि त्यांना कोणी कारण विचारत नाही. त्याभोवती आमचे टॉवर, 'नैना'च्या, म्हणजे विमानतळाभोवतीच्या नियोजित क्षेत्राच्या, नकाशातले. टॉवरमधलं कोणीच इथलं नाही. कोणी लालबागची खोली विकून आलंय, कोणी साताऱ्याहून, कोणी जळगावहून. मिळवती माणसं सकाळी शेअर रिक्षानं स्टेशन गाठतात, सीएसएमटीपर्यंत सव्वा-दीड तास उभ्यानं जातात आणि रात्री परततात ती थेट लिफ्टमध्ये शिरतात. चाळीत शेजार फुकट मिळायचा, किंबहुना नको असला तरी मिळायचा; नळावर, जिन्यात, संडासाच्या रांगेत. फ्लॅटमध्ये तो खाली उतरून कमवावा लागतो. कमवायला जागा एकच होती, साहेब. आपण तिचं सुशोभीकरण केलंत.

आता पाचव्या मजल्यावरच्या काकूंबद्दल. "लिही बिनधास्त," असं त्यांनीच सांगितलं म्हणून लिहिते, नाव तेवढं घालत नाही.

त्यांचे यजमान गेले त्याला वर्ष झालं होतं. मुलगी नाशिकला. काकू दुपारच्या बाकड्यावरच्या कायमच्या. दिवाळीनंतर बाकडी गेली आणि त्या खाली यायच्या थांबल्या. आम्हाला वाटलं, नाशिकला गेल्या असतील. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दिसल्या नाहीत याचं तर कोणाला नवलच वाटलं नाही, कारण नवरा गेलेल्या बाईनं यायचं नसतं हे आम्ही सगळ्यांनी न ठरवता ठरवलेलं. (कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये असल्या प्रथा बंद करायचा ठराव केला, सरकारनं त्याचं परिपत्रक काढलं. आमच्या विंगपर्यंत ते पोचायचं आहे. हा मुद्दा आपल्या विरोधात नाही, आमच्या विरोधात आहे, म्हणून कंसात.) दाराला लावलेली दुधाची पिशवी रोज सकाळी आत घेतली जात होती. ती अ‍ॅपवरून यायची, पैसे मुलगी नाशिकहून भरायची. म्हणजे रेकॉर्डला सगळं व्यवस्थित.

होळीला त्यांच्या पुरणपोळीचा नैवेद्य आला नाही, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी वर गेले. दार साखळी लावूनच उघडलं. आत मळका गाऊन, केस विंचरलेले नाहीत. ही बाई चापूनचोपून साडी नेसल्याशिवाय कधी कचरासुद्धा बाहेर ठेवत नसे. टीव्ही चालू, आवाज बंद. ओट्यावर पातेल्यात भात, नुसताच. "काही नाही गं," म्हणाल्या, "कंटाळा येतो. अंगात त्राण नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच." दुःख हा शब्द नाही, रडणं नाही. आपल्याकडे मन आजारी पडलं की तक्रार अंगाची होते, म्हणून आधी शुगर झाली, मग थायरॉईड, मग बी ट्वेल्व्हची इंजेक्शनं. शेवटी एका भल्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी दिली. निदान : नैराश्य. गोळ्या सुरू झाल्या. आणि सोबत सूचना, रोज संध्याकाळी अर्धा तास खाली जायचं, चार माणसांत बसायचं, बोलायचं.

काकू म्हणाल्या, "खाली जाऊन बसू कुठे?"

डॉक्टरांकडे याचं उत्तर नव्हतं. ते आपल्याकडे आहे, पंपरूमच्या मागे, एकावर एक रचून ठेवलेलं.

घाबरू नका. बाकडी काढल्यामुळे काकूंना नैराश्य आलं, असा आरोप मी करत नाही. तसा केला तर आपण वकील लावाल आणि जिंकालही. नैराश्य एका कारणानं येत नाही. जोडीदार जातो, पैसा जातो, शरीर साथ सोडतं, कोणाच्या घराण्यातच ते असतं. एकटं राहणारा प्रत्येक जण एकाकी असतो असंही नाही. सी विंगमधले एक निवृत्त मास्तर एकटेच राहतात, पेटी वाजवतात आणि कोणी बेल वाजवली तर वैतागतात. उलट सहा माणसांच्या घरात, सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर गॅसपाशी उभं राहून जेवणारी बाई पुरती एकाकी असू शकते. माणसं किती आहेत यावर हे ठरत नाही. हवा तेवढा आणि हवा तसा संबंध आहे की नाही, यावर ठरतं.

माझा आरोप लहान आहे. काकू घसरत होत्या तेव्हा त्यांना थांबवणारा कठडा आपण काढलात, आणि कुंडी ठेवलीत.

या घसरण्याचा अभ्यास झालेला आहे. शिकागो विद्यापीठातल्या जॉन कॅसिओपो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास ते अडुसष्ट वयाच्या २२९ जणांचा पाच वर्षं पाठपुरावा केला. २०१० मध्ये त्यांनी मांडलं की आज जो एकाकी आहे त्याच्यात पुढे नैराश्याची लक्षणं वाढताना दिसतात. उलट्या दिशेनं, म्हणजे आधी नैराश्य आणि त्यातून एकाकीपणा, असं त्यांच्या आकड्यांत दिसलं नाही. इतर अभ्यासांत दोन्ही दिशा सापडतात. कॅसिओपोंचा दुसरा मुद्दा मला जास्त ओळखीचा वाटला. एकाकी माणसाचं मन पहाऱ्यावर बसतं. कोणी हसलं तर ते आपल्यालाच, कोणी गप्प झालं तर ते आपण आलो म्हणूनच. काकू नंतर मला म्हणाल्या, "मी लिफ्टमध्ये शिरले की सगळी मोबाईल काढतात." काकू, ती सगळी सगळ्यांसमोरच काढतात! पण तीन-चार महिने घरात बसलेल्या माणसाला हे कसं कळणार? मग त्यांनी लिफ्टच टाळली, माणसं टाळली, आणि टाळल्यामुळे शंका आणखी पक्की झाली. हे असं आतल्या आत आवळत जातं. यातून बाहेर काढायला कोणी फार जिवाभावाचं लागतं असंही नाही. रोज "टँकर आला का?" विचारणारं कोणी असलं तर शंकेला रोजच्या रोज खोटं पाडता येतं.

हे सगळं अमेरिकेचं दुखणं, आपल्याकडे कुठलं, असं आपण म्हणाल. ठीक. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं जून २०२५ मध्ये अहवाल दिला. जगात सहापैकी एक माणूस एकाकी. त्यापायी वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यू, म्हणजे तासाला जवळजवळ शंभर. आणि श्रीमंत देशांत एकाकी माणसं सुमारे ११ टक्के, तर गरीब देशांत २४. म्हणजे दुखणं नेमकं आपल्या बाजूला जास्त झुकलेलं. त्याआधी २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी, आणि मूर्ती म्हणजे मूळ कर्नाटकातलंच घराणं, सांगितलं होतं की माणसांशी संबंध तुटण्यानं आयुष्यावर होणारा परिणाम रोज पंधरापर्यंत सिगारेटी ओढण्याच्या तोडीचा असतो. आपल्या सोसायटीत आवारात एक सिगारेट ओढली तर पाचशे रुपये दंड आहे. पंधराच्या हिशेबानं, घरटी, दररोज, किती होतात ते खजिनदारांकडून काढून घ्यावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अहवालात एकाकी वाटणाऱ्यांत तेरा ते एकोणतीस वयाची मुलं पुढे आहेत, म्हातारे नव्हेत. आपण ज्यांच्याकडून 'बॅचलर' म्हणून जादा डिपॉझिट घेता आणि ज्यांना गच्चीवर जायला बंदी घातली आहे, त्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलांपैकी एक जण घरूनच काम करतो. नांदेडकडचा. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद, माईक म्यूट. एकदा तो हसत हसत म्हणाला, "काकू, परवा दिवसभरात मी तोंडानं बोललो ते फक्त चार आकडे. डिलिव्हरीवाल्याला ओटीपी." बाकडी होती तेव्हा तो पार्सल घ्यायला उतरला की पोस्टातले काका त्याला अडवायचे आणि हप्ते, म्युच्युअल फंड यावर त्याचं डोकं खायचे. तो कंटाळायचा. आता त्याचं डोकं कोणी खात नाही, आणि तो पार्सल दारातच ठेवायला सांगतो.

साहेब, आपण याच जिल्ह्यातले. गावकीनं वाळीत टाकणं म्हणजे काय, हे रायगडात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. दुकानात माल नाही, लग्नाला बोलावणं नाही, मयताला खांदा नाही आणि जो त्या घराशी बोलेल त्याला दंड. एवढी प्रकरणं या जिल्ह्यातून पुढे आली की त्यांनी सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या कायद्याच्या मागणीला जोर दिला. तो कायदा २०१६ मध्ये झाला, जुलै २०१७ पासून लागू आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. गावकीच्या पंचांनी मानसशास्त्राचं एक पुस्तक वाचलं नव्हतं. तरी त्यांना नेमकं ठाऊक होतं की माणसाला हात न लावता मोडायचं असेल तर त्याचं बोलणं तोडायचं. फरक एवढाच की ते एका घराला वाळीत टाकायचे. आपण कोणताही भेदभाव न करता एकशेबारा फ्लॅट एकमेकांपासून वाळीत टाकलेत, आणि वर त्याला 'शिस्त' म्हटलंत. कायद्यात याला कलम नाही. निश्चिंत असा.

बाकड्यावर कुचाळक्या चालायच्या, हा आपला मुद्दा मात्र शंभर टक्के खरा. ए विंगमधली नर्स रात्रपाळी करून सकाळी परतायची तेव्हा बाकड्यावरून तिच्याकडे जे बघितलं जायचं, ते मी बघितलं आहे. "कुठे असते गं ही रात्रभर?" हे विचारणाऱ्यांनीच पुढे तिच्याकडून फुकटात बीपी मोजून घेतलं, तो भाग वेगळा. तिला बाकडी गेली याचा आनंद झाला असेल तर तो मी समजू शकते. चार माणसं एकत्र बसली की त्यातलं एक तरी चोंबडं असतंच. पण चोंबडेपणावर उपाय म्हणून माणसंच हटवायची असतील, तर सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आधी बंद करायला हवा. तिथे पार्किंगवरून जी भाषा चालते ती बाकड्यावर कोणी काढली असती तर समोरच्यानं चप्पल काढली असती. समोरासमोर बसलेल्या माणसाला थोडी लाज असते. आणि हो, त्या ग्रुपवर पहाटे पाचला गुलाबासकट 'सुप्रभात' आपणच टाकता, साहेब. त्याला आजकाल किती जण उत्तर देतात, ते मी मोजलेलं नाही.

अनोळखी माणसाशी बोलावंसं वाटत नाही, हेही खरं आहे. शिकागोतच निकोलस एप्ली आणि ज्युलिआना श्रोडर यांनी रोज ट्रेननं जाणाऱ्यांवर प्रयोग केले आणि २०१४ मध्ये ते छापले. शेजारच्याशी बोललात तर प्रवास कसा जाईल, असं विचारलं तर लोक म्हणाले, वाईट. ज्यांना प्रत्यक्ष बोलायला लावलं त्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा बरा गेला. लोकांचा अंदाजच चुकतो. आपल्या लोकलवाल्यांना यासाठी विद्यापीठ लागलं नाही. भजनी मंडळाचा डबा ठरलेला असतो, दसऱ्याला गाडीला तोरण बांधतात, लेडीज डब्यात भाजी निवडून होते आणि डोहाळजेवणंसुद्धा होतात. त्या बायकांना एकमेकींची आडनावं ठाऊक नसतात. पण एक जण आठवडाभर आली नाही तर डब्यातून फोन जातो. काकूंना लोकल नव्हती. त्यांची गाडी म्हणजे ते बाकडं.

आपल्याला परदेशी उदाहरण चालत नाही, तरी एक सांगते, कारण त्यात बाकडं आहे. झिम्बाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांची एक तरुण पेशंट बसचं भाडं नाही म्हणून इस्पितळात पोचू शकली नाही आणि तिनं जीव दिला. देशात मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग चिबांडांनी २००६ पासून हरारेतल्या आज्यांना शिकवलं. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक लाकडी बाकडं, त्यावर आजी, शेजारी दुःखी माणूस. आजी ऐकायची आणि एक-एक अडचण सोडवायला मदत करायची. ५७३ जणांवर त्याची रीतसर चाचणी झाली, २०१६ मध्ये ती अमेरिकेच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. सहा महिन्यांनी, नेहमीचे उपचार घेतलेल्या गटात ५० टक्के लोकांना नैराश्याची लक्षणं होती. बाकड्यावर बसलेल्यांत १४ टक्के. झिम्बाब्वेच्या सरकारी दवाखान्यांना प्लास्टिकचा बांबू परवडत नसावा.

शेजारच्या गोव्यातलं तर चालेल? पर्वरीच्या 'संगाथ' संस्थेनं सरकारी आरोग्य केंद्रांत येणाऱ्या ४९५ नैराश्यग्रस्तांबरोबर काम केलं. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी. पद्धतीचा गाभा असा की बरं वाटेल तेव्हा घराबाहेर पडू, असं म्हणून वाट बघायची नाही. आधी बाहेर पडायचं, जे आवडायचं ते थोडं थोडं करायचं, माणसांना भेटायचं. मन मागाहून येतं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांत या गटातले ६४ टक्के लक्षणांतून बाहेर आले, नुसते नेहमीचे उपचार मिळालेले ३९ टक्के. आपल्या काकूंच्या डॉक्टरांची 'खाली जा' ही सूचना म्हणजे वेळ घालवायची युक्ती नव्हती, हे लक्षात यावं म्हणून हे आकडे.

आणि गोळ्या बंद करून बाकड्यावर बसा, असंही कोणी ऐकू नये. काकू गोळ्या घेताहेत आणि घेणार आहेत. बाकडं हे औषध नाही. मात्र निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असं दिसलं की नैराश्य, चिंता यांसारखे नेहमीचे मानसिक आजार असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. ही माणसं डॉक्टरांना दिसत नाहीत. ती दिसतात फक्त शेजाऱ्याला, तीही शेजाऱ्याला बसायला जागा असेल तर.

सध्या काय चाललं आहे तेही रेकॉर्डवर असू द्या. संध्याकाळी मी आणि काकू बी विंगच्या जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसतो. कंडक्टरकाकांना गुडघ्यांमुळे पायरीवर बसता येत नाही, ते कठड्याला टेकून उभे राहतात. नांदेडचा मुलगा दोनदा येऊन गेला. आपण परवा तिथून जाताना थांबलात, घसा खाकरलात, आणि "जिना हा इमर्जन्सी एक्झिट आहे, वहिनी" असं म्हणालात. अगदी बरोबर. तेवढ्यासाठीच बसतो.

मागणी साधी आहे. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत 'बाकडी पूर्ववत बसवणे' हा विषय घ्यावा, आणि तो 'ऐनवेळचे विषय' म्हणून वडापाव येण्याच्या आधीच्या पाच मिनिटांत ढकलू नये. सूचक पाचव्या मजल्यावरच्या काकू, अनुमोदक मी. खर्च शून्य. बाकड्यांची तोंडं रस्त्याकडे न ठेवता समोरासमोर ठेवावीत, म्हणजे नर्सकडे बघत बसायची सोय राहणार नाही. कुंडी राहू द्या, तिच्यावर पाण्याची बाटली ठेवता येते. सभेपर्यंत थांबायचं नसेल तर पंपरूमची किल्ली रविवारी सकाळी वॉचमनकडे ठेवा. एक बाकडं उचलायला चौघं लागतात, आम्ही सहा जण आहोत.

आपली,
मेंटेनन्स वेळेवर भरणारी एक सभासद
सुकापूर, माथेरान रोड, पनवेल

ता. क. – नोटीस बोर्डावर प्लंबर, लिफ्टवाला, टँकरवाला आणि सर्पमित्र यांचे नंबर आहेत. त्यांच्याखाली १४४१६ हाही लिहून टाका. 'टेली मानस' ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.